काळ्या पाटीवरची चांदणी



संगणक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रंगीत पडदा, त्यावरची चिमुकली चित्रं आणि इकडून तिकडे पळणारा माउसचा बाण. बरोबर ना? आज मात्र आपण त्याच संगणकाच्या माजघरात शिरणार आहोत. तिथे चित्रं नाहीत आणि बाणही नाही. आहे फक्त एक काळी पाटी आणि तिच्यावर लुकलुकणारी एक छोटीशी खूण. या पाटीचं नाव टर्मिनल.

आमच्या शाळेत दोन जुने संगणक आहेत आणि दोन्हींवर लिनक्स आहे. सातवीच्या मुलांना मी पहिल्यांदा टर्मिनल उघडून दाखवलं तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. "बाई, हा बंद पडलाय का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. बंद नव्हता पडला. तो आपल्या आज्ञेची वाट पाहत होता. चित्रांच्या पडद्यावर आपण बोट दाखवतो, "हे दे, ते दे". लहान बाळ बोट दाखवतं ना, तसं. टर्मिनलशी मात्र बोलावं लागतं. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं आणि उत्तर वाचायचं.

हे बोलणं शिकायला कठीण आहे का? छे! शब्द थोडे आहेत आणि तेही अगदी आखूड. पण हा संगणक एका बाबतीत फार विचित्र आहे बरं का. तुम्ही सांगाल ते तो तंतोतंत करतो. तुमच्या मनात काय होतं, हे तो विचारत नाही. या एका गोष्टीपायी आमच्या वर्गावर एकदा मोठा प्रसंग ओढवला, आणि चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, माझी होती. ती गोष्ट सांगणारच आहे. पण आधी थोडी ओळख करून घेऊ.

(एक सूचना. आज्ञांची नावं मी इथे मराठी अक्षरांत लिहितेय. तुम्ही टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची. स्पेलिंग मी सांगत जाईन.)

आजीचे शब्द

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही एक उपक्रम सुरू केला. प्रत्येकानं घरातल्या आजी-आजोबांकडून जुने शब्द आणायचे. जे शब्द आता कुणी बोलत नाही, ज्या वस्तू आता घरात नाहीत, त्यांचे शब्द. मुलांनी धमाल केली! कुणी धान्य मोजायची मापं आणली : निठवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. कुणी नांगराचे भाग आणले : रुमणं, फाळ, जू, शिवळ. कुणी शिंकं, उतरंड आणि कणगी आणली. एका मुलाच्या आजोबांनी तर अख्खी मोटच धाडली : नाडा, सोंदूर, धाव, थारोळं.

हे शब्द आम्ही एका फाइलीत लिहायला लागलो. एका ओळीत एकच शब्द. फाइलीचं नाव 'शब्द'. हो, लिनक्समध्ये फाइलीला मराठीत नाव देता येतं!

मग आम्ही टर्मिनलला पहिला प्रश्न विचारला. या कप्प्यात काय काय आहे? त्यासाठीची आज्ञा 'एलएस' (एल, एस). फाइलींची नावं लगेच समोर. फाइलीत काय लिहिलंय ते दाखवायला 'कॅट' (सी, ए, टी). आणि किती ओळी आहेत ते मोजायला 'डब्ल्यूसी' (डब्ल्यू, सी), पुढे एक आडवी रेघ आणि एल.

डब्ल्यूसी -एल शब्द

पहिल्या आठवड्यानंतर उत्तर आलं, १३७. मुलांनी टाळ्या पिटल्या. पण एक मुलगी म्हणाली, "बाई, 'पायली' तर चौघांनी आणलीये. मग १३७ खरे कुठे?"

शाबास! प्रश्न असा हवा.

शेजारी उभे राहा, मग ओळखू

एकसारख्या ओळी काढून टाकणारी एक आज्ञा आहे, 'युनिक' (यू, एन, आय, क्यू). आम्ही ती मोठ्या हौसेनं चालवली. पण 'पायली' अजूनही दोन-तीनदा दिसतेच! संगणक चुकला का?

नाही हं. युनिकची नजर फार जवळची आहे. ती फक्त लागून असलेल्या ओळींची तुलना करते. एकसारख्या दोन ओळी शेजारीशेजारी आल्या तरच ती एक ठेवते. मध्ये दुसरी कुणी उभी असली, की झालं, तिला काही कळत नाही.

मी मुलांना उठून उभं केलं. म्हटलं, "प्रत्येकानं आपापल्या जन्ममहिन्याची चिठ्ठी हातात धरा आणि कसंही उभं राहा. आता मी फक्त शेजारची दोन मुलं पाहणार. ज्यांचा महिना एक, त्यांतला एक खाली बसेल." दोघंच बसले. मग म्हटलं, "आता महिन्याप्रमाणे रांग लावा." रांग लागली आणि पटापट मुलं खाली बसू लागली. शेवटी प्रत्येक महिन्याचा एकेकच उभा!

म्हणजे काय करायला हवं? आधी ओळींना क्रमानं लावायचं, मग युनिककडे द्यायचं. क्रम लावणाऱ्या आज्ञेचं नाव 'सॉर्ट' (एस, ओ, आर, टी). आता प्रश्न असा, की सॉर्टचं उत्तर युनिकच्या हातात द्यायचं कसं?

उभ्या रेघेची गंमत

तुमच्या कळफलकावर, बहुतेक वेळा एंटरच्या जवळ, एक उभी रेघ असते. श्लोकाच्या ओळीशेवटी असते ना, तशीच दिसणारी. तिला इथे 'पाइप' म्हणतात. पाइप म्हणजे नळी.

सॉर्ट शब्द | युनिक | डब्ल्यूसी -एल

वाचून पाहा. सॉर्टनं शब्द क्रमानं लावले आणि नळीतून पुढे सोडले. युनिकनं जुळे काढले आणि पुढे सोडले. डब्ल्यूसीनं मोजले. उत्तर, ९४.

मोट आणणारा मुलगा एकदम म्हणाला, "बाई, हे तर विहिरीवरच्यासारखं झालं! मोट पाणी काढते, ते थारोळ्यात पडतं, तिथून पाटात जातं, पाटातून वाफ्यात." मी मोट नुसती चित्रात पाहिलेली. पण त्यानं जे सांगितलं ते अगदी नेमकं होतं. मोटेला वाफा कुठे आहे ते माहीत नसतं आणि वाफ्याला विहीर किती खोल ते माहीत नसतं. प्रत्येकानं आपलं एकच काम करायचं आणि ते नीट करायचं, मग शेत भिजतं.

गंमत म्हणजे ज्या माणसाला ही नळीची कल्पना सुचली, त्याच्या डोक्यातही पाणीच होतं! अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल नावाचं ठिकाण आहे. तिथे बेल लॅब्ज ही प्रयोगशाळा होती. तिथल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे संगणकाचे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. पुढे १९६९ साली त्याच प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली रचायला घेतली. मॅकिलरॉय आपल्या नळीचा आग्रह सोडेनात. अखेर १९७३ साली केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत ही सोय युनिक्समध्ये बसवली. दुसऱ्या दिवसापासून सगळे जण आज्ञांना आज्ञा जोडून नवनवीन करामती करू लागले! आपलं लिनक्स हे त्याच युनिक्सच्या वळणावर तयार झालेलं आहे. म्हणून ती उभी रेघ आज आमच्या शाळेतही चालते.

आणि आज्ञांची नावं इतकी आखूड का, ठाऊक आहे? तेव्हा बहुतेक ठिकाणी पडदे नव्हते. टेलिटाइप नावाचं टंकलेखनाच्या यंत्रासारखं एक यंत्र असायचं. त्याच्या कळा जड असत आणि उत्तर कागदावर छापून येई, तेही सेकंदाला जेमतेम १० अक्षरं! मग लांबलचक नावं कोण लिहीत बसणार?

सहा आज्ञांची ओळ

आता आम्हांला हाव सुटली. सगळ्यांत जास्त मुलांनी कोणता शब्द आणला? युनिकपुढे '-सी' लिहिलं की ती प्रत्येक ओळ किती वेळा आली ते मोजून देते. मग तो आकडा पाहून मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावायचा, '-आरएन' लिहून. आणि वरच्या पाचच ओळी दाखव म्हणायचं, ते काम 'हेड' (एच, ई, ए, डी) करते.

सॉर्ट शब्द | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड -५

पहिला नंबर कुणाचा? पायलीचाच!

अशाच एका कामाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९८६ साली जॉन बेंटली या लेखकानं आपल्या सदरात एक काम दिलं होतं. एखादा मजकूर घ्यायचा आणि त्यात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द आकड्यांसह छापायचे. डोनाल्ड नूथ या थोर संगणकशास्त्रज्ञानं त्यासाठी एक सुंदर, कित्येक पानांचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं परीक्षण करायला दिलं आपल्या मॅकिलरॉय यांना. त्यांनी नूथच्या लेखनाचं कौतुक केलं, आणि मग तेच काम अवघ्या सहा आज्ञा नळीनं जोडून करून दाखवलं! त्या सहांत सॉर्ट दोनदा होती आणि युनिकही होती. म्हणजे सातवीतल्या मुलांनी वापरलेली तीच हत्यारं.

आणखी एक हत्यार तुमच्या खिशात असायलाच हवं, ते म्हणजे 'ग्रेप' (जी, आर, ई, पी). ही शोधून देते. यादी वाढल्यावर वाद सुरू झाला, की 'रुमणं' लिहायचं की 'रुमणे'? दोघांच्या घरी दोन तऱ्हा. संगणकाला ते वेगळेच शब्द वाटतात. मग आम्ही विचारलं :

ग्रेप रुमण शब्द

'रुमण' ही अक्षरं जिथे जिथे आहेत त्या सगळ्या ओळी आल्या. 'रुमणं' आणि 'रुमणे', दोन्ही. मुलांनी ठरवलं, दोन्ही ठेवायचे. कुणाच्या आजीला चूक कसं म्हणायचं? हे ग्रेपही केन थॉम्पसन यांचंच. 'एड' नावाच्या जुन्या संपादकात 'सगळीकडे शोध आणि जुळेल ते छाप' असं सांगायची एक आज्ञा होती. तिच्यातल्याच अक्षरांवरून 'ग्रेप' हे नाव पडलं. द्राक्षांशी काही संबंध नाही हं!

आणि उत्तर पडद्यावर न दाखवता फाइलीत साठवायचं असेल, तर '>' ही खूण. 'सॉर्ट शब्द | युनिक > यादी' म्हटलं की 'यादी' नावाची फाइल तयार. पण सांभाळून! 'यादी' आधीच असेल, तर तिच्यातला जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. न विचारता.

तो दिवस

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. आमच्या यादीत, जुळे काढून, ४१२ शब्द झाले होते.

त्याच आठवड्यात आमच्या वर्गातली एक मुलगी तेराव्यानंतर शाळेत परत आली. तिची आजी गेली होती. तिचं नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. मधल्या सुट्टीत ती एकटीच संगणकापाशी बसली. मी काही बोलले नाही. सुट्टी संपल्यावर पाहिलं, तर तिनं आजीचे १९ शब्द लिहिले होते. आजीच्या तोंडून ऐकलेले. हातात कागद नव्हता की वही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आवराआवर करायला बसले. सरावासाठी केलेल्या 'कच्चा१', 'कच्चा२', 'कच्चा३' अशा फाइली पडून होत्या. म्हटलं, टाकून देऊ. फाइल काढून टाकायची आज्ञा 'आरएम' (आर, एम). तीन नावं तीनदा कोण लिहिणार? टर्मिनलमध्ये एक चांदणीची खूण असते, *. तिचा अर्थ 'पुढे काहीही असो'. म्हणजे 'कच्चा*' लिहिलं की कच्चानं सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली. मला लिहायचं होतं :

आरएम कच्चा*

आणि घाईत मी लिहिलं :

आरएम कच्चा *

फरक दिसला का? पुन्हा पाहा. मध्ये एक रिकामी जागा आहे. बस्स, एवढीच. पण टर्मिनलला रिकाम्या जागेचा अर्थ 'एक गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली' असा असतो. त्याला ऐकू आलं ते असं : 'कच्चा नावाची फाइल काढ. आणि चांदणी काढ.' नुसती चांदणी म्हणजे? या कप्प्यातली प्रत्येक फाइल!

उत्तरादाखल एकच ओळ आली. 'कच्चा' नावाची फाइल इथे नाही, अशी. जी सापडली नाही तिची तक्रार. ज्या गेल्या, त्यांबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं काहीच झालं नाही. मी 'एलएस' लिहिलं. उत्तर रिकामं आलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा रिकामं.

'शब्द' गेली होती. 'यादी' गेली होती. आणि आरएमनं काढलेली फाइल केराच्या टोपलीतही जात नाही. ती टोपली चित्रांच्या पडद्यावरची सोय आहे.

टर्मिनल असं गप्प का राहतं, तर त्याचंही कारण आहे. प्रत्येक आज्ञेचं बोलणं नळीतून पुढच्या आज्ञेकडे जायचं असतं. तिथे 'झालं हं, छान झालं हं' अशी बडबड मिसळली, तर पुढचीचा घोटाळा होईल. म्हणून काम नीट झालं की गप्प बसायचं, ही तिथली रीत. मुलांनो, ती रीत मी तुम्हांला जूनमध्येच शिकवली होती. पण गप्प बसणं म्हणजे 'बाईंचं बरोबर आहे' असं नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले.

पेनड्राइव्हमधली प्रत

मी वर्गाला खरं काय ते सांगितलं. लपवून काय उपयोग? वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरचा तोच मुलगा, 'बंद पडलाय का' विचारणारा, उठला. म्हणाला, "बाई, रागावणार नसाल तर सांगतो." त्यानं मला न विचारता फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती, मोठ्या भावाला दाखवायला. प्रत काढायची आज्ञा 'सीपी' (सी, पी). ती नुकतीच शिकवली होती, म्हणून त्याचे हात शिवशिवत होते!

पेनड्राइव्ह लावला. डब्ल्यूसी -एल. उत्तर, ३६१. प्रत आठवडाभर जुनी होती. म्हणजे ५१ शब्द नव्हते. त्यांतले ३२ मुलांनी घरी जाऊन पुन्हा विचारून आणले. काही आजोबा म्हणे वैतागले, "अरे, आत्ताच तर सांगितलं होतं!" राहिले १९. ते कुणाला विचारणार?

ती मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. मध्येच थांबायची आणि डोळे मिटायची. जात्यापाशी बसून आजी काय काय म्हणायची, ते आठवायची. असे १७ शब्द झाले. मग बराच वेळ काही नाही. शेवटी म्हणाली, "बाई, दोन अजून आहेत. जिभेवर आहेत, पण येत नाहीत."

ते दोन शब्द अजून आले नाहीत. आमची यादी ४१० शब्दांची राहिली.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे, बाई. आता मी वहीत पण लिहिणार." आणि तिनं ते १७ शब्द त्याच दिवशी वहीत उतरवले.

मोठ्यांच्या घरीही

मुलांना धीर यावा म्हणून मी त्यांना एक खरी हकीकत सांगितली. 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो १९९९ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी, १९९८ मध्ये, तो पिक्सार या कंपनीत तयार होत असताना कुणीतरी तिथल्या संगणकावर हीच आरएम आज्ञा चुकीच्या जागी चालवली. चित्रपटाच्या फाइली भराभर नाहीशा होऊ लागल्या! राखून ठेवलेली प्रत काढायला गेले, तर तीही नीट नव्हती. मग गॅलिन सुसमन या तिथल्या तंत्रज्ञ बाईंना आठवलं, की आपल्या घरच्या संगणकावर एक प्रत आहे. त्यांचं बाळ लहान होतं, म्हणून त्या घरून काम करत असत. तो संगणक जपून गाडीतून आणला आणि काम वाचलं.

"म्हणजे बाई, त्यांचा पण पेनड्राइव्हवाला होता!" मुलं म्हणाली. आणि मागच्या बाकावरच्या साहेबांची कॉलर ताठ झाली.

दोन्ही गोष्टींत प्रत वाचली ती योगायोगानं. पण योगायोगावर किती दिवस भिस्त ठेवायची? आता दर शनिवारी शाळा सुटताना आमच्याकडे पाळीप्रमाणे एक जण 'सीपी'नं प्रत काढतो, आणि डब्ल्यूसीनं मोजून आकडा फळ्यावर लिहितो. प्रत काढली एवढ्यावर थांबायचं नाही. ती उघडते का, पुरी आहे का, हेही पाहायचं.

मग मुलांनो, टर्मिनलला भ्यायचं का? मुळीच नाही! आजोबा कोयता वापरतात ते भिऊन नव्हे, जपून. हेही तसंच हत्यार आहे. आमच्या वर्गानं ठरवलेले नियम तुम्हांलाही देते :

१. एंटर दाबण्याआधी ओळ एकदा मोठ्यानं वाचा. रिकामी जागासुद्धा वाचा.

२. चांदणी वापरायची असेल, तर आधी तीच नावं 'एलएस'ला देऊन पाहा. 'एलएस कच्चा*' म्हटलं की कोणत्या फाइली सापडतात ते दिसतं. यादी बरोबर असली, तरच पुढे जा.

३. 'आरएम'पुढे '-आय' लिहा. मग ती प्रत्येक फाइल काढण्यापूर्वी विचारते. 'हो'साठी वाय, 'नको'साठी एन.

४. एखादी आज्ञा काय करते ते आठवत नसेल, तर 'मॅन' (एम, ए, एन) लिहून पुढे तिचं नाव लिहा. तिची माहितीपुस्तिका उघडेल. बाहेर यायला क्यू दाबा.

५. वरच्या दिशेचा बाण दाबला की आधीची आज्ञा परत येते. काहीतरी चालूच राहिलं आणि थांबेना, तर कंट्रोल दाबून धरून सी दाबा.

६. ज्या संगणकावर सराव कराल तो कुणाचा आहे, हे विसरू नका. आधी विचारा. आणि सरावासाठी 'एमकेडीआयआर' (एम, के, डी, आय, आर) या आज्ञेनं एक वेगळा कप्पा बनवा. त्यात शिरायला 'सीडी' (सी, डी) आणि कप्प्याचं नाव.

जाता जाता एक कोडं

एका फाइलीत एकच शब्द लिहा, 'कमळ', आणि एंटर दाबून फाइल जतन करा. मग 'डब्ल्यूसी -सी' चालवा. उत्तर येईल १०. अक्षरं तर तीनच! मग दहा कुठून आले? ही '-सी' अक्षरं मोजत नाही. ती संगणकाच्या साठवणीतले बाइट मोजते. देवनागरीची प्रत्येक खूण आजच्या पद्धतीत ३ बाइट जागा घेते. तीन त्रिक नऊ, आणि ओळ संपल्याचा एक. झाले दहा! काना, मात्रा आणि अनुस्वार या प्रत्येकाची वेगळी खूण असते बरं का.

आता सांगा, 'थारोळं' लिहिलं तर उत्तर किती येईल? आधी वहीत मांडा, मग टर्मिनलला विचारा. आणि हो, त्याआधी घरातल्या आजी-आजोबांना विचारा, थारोळं म्हणजे काय. ते सांगतील तो शब्द, आणि त्याच्याबरोबर आठवतील ते दोन-चार आणखी शब्द, लगेच लिहून ठेवा. फाइलीत लिहा आणि वहीतही लिहा.

भेटू पुढच्या अंकात!

तुमच्या
बाई